देवनागरी टी-शर्ट वस्तीतच छापायचेत : स्क्रीन, शाई, अक्षरं आणि हिशोब

गल्लीबोळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका वस्तीत अभ्यासिकेभोवती जमलेला तेरा जणांचा गट आहे, सगळे १८ ते २४ वयाचे. मराठी अक्षरांचे ओव्हरसाइज टी-शर्ट स्वतः डिझाइन करून, स्वतः छापून विकायचे आहेत. विक्रीतला एक वाटा अभ्यासिकेच्या भाड्याला जाईल. बाहेरून छापून आलेल्या मालात दोन दोष कायम दिसतात : वेलांट्या-मात्रा तुटलेल्या असतात, आणि चार धुण्यांत छाप तडकतो.

हाताशी आहे ते असं : १० बाय १२ ची खोली, एक खिडकी, घरगुती वीजमीटर, पाणी सकाळी दोन तास. महिन्याला दीडशे-दोनशे नग. बहुतेक डिझाइन एका रंगाचं, काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर पांढरं.

जाळीतून शाई ओढून छापायचं स्क्रीन प्रिंटिंग शिकावं, की डीटीएफ, म्हणजे फिल्मवर आधीच छापलेलं डिझाइन, बाहेरून मागवून कपड्यावर नुसतं गरम दाबावं? खोलीत काय काय लागेल? आणि कामाचे पैसे कसे वाटावेत? हे काम जाणणाऱ्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

जाळीदार

एका रंगाचं डिझाइन आणि एका वेळी चाळीस-पन्नासच्या वर नग असतील तर स्क्रीनच. डीटीएफचा खर्च छापलेल्या जागेच्या मापाने वाढतो, पन्नासावा नगही पहिल्याइतकाच महाग पडतो. स्क्रीनमध्ये खर्च सुरुवातीलाच होतो आणि पुढे प्रत्येक नगावर तो विरघळत जातो. शिवाय डीटीएफचा मोठा भरीव तुकडा छातीवर प्लास्टिकच्या पट्टीसारखा बसतो, पुण्याच्या एप्रिलमध्ये खाली घाम साचतो. पाच-दहा नगांची बहुरंगी ऑर्डर आली तरच डीटीएफ मागवा. हीट प्रेस, म्हणजे तापलेल्या तव्याने दाबणारं यंत्र, तेव्हाही कामी येईल.

फ्रेम, म्हणजे जाळी ताणायची चौकट : ए-थ्री मापाच्या डिझाइनला आतून साधारण ४५ बाय ६० सेंटीमीटरची फ्रेम हवी. डिझाइनच्या चारी बाजूंना ७-८ सेंटीमीटर मोकळी जाळी राहिली पाहिजे, नाहीतर कडेला ताण जास्त पडून छाप ओढल्यासारखा येतो. लाकडी स्वस्त पडते, पण रोज भिजते-सुकते आणि महिन्या-दोन महिन्यांत पिळवटते. फ्रेम टेबलावर सपाट टेकत नसेल तर एका कोपऱ्यात छाप फिका येणारच. अ‍ॅल्युमिनियमच्या चार घ्या.

जाळी : टीच्या आधीचा आकडा म्हणजे एका सेंटीमीटरात किती धागे. ४३ टी म्हणजे इंचाला साधारण ११० धागे. काळ्यावर पांढऱ्यासाठी ४३ टी, कारण शाईचा थर जाड लागतो. फिक्या कापडावर गडद शाईला ६१ किंवा ७७ टी. ४३ टीमध्ये धाग्यापासून धाग्यापर्यंतचं अंतर साधारण पाव मिलिमीटर असतं, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ त्यावर भरवशाने धरत नाही. आणि मोकळी जागा रेघेपेक्षा जास्त सोडायला लागते, कारण शाई दाबाने पसरते. दोन रेघांमध्ये पाऊण ते एक मिलिमीटर सोडा. अक्षरं काढणाऱ्याला हे दोन आकडे आधीच सांगून ठेवा.

इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचं द्रावण, प्रकाश लागेल तिथे कडक होणारं आणि बाकी धुऊन निघणारं : शिकणाऱ्यांसाठी डायझो प्रकारचं बरं. प्रकाशाला हळू प्रतिसाद देतं, म्हणून दहा-वीस सेकंदांची चूक पोटात घालतं. एकदा मिसळलं की थंड आणि अंधाऱ्या जागी महिनाभर टिकतं, तेव्हा डब्यावर मिसळल्याची तारीख लिहा. आधी जाळी डीग्रीझरने धुवा. बोटांचं तेल राहिलं तर तिथे माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. मग कोटरने (थर ओढायच्या पन्हळीने) कापडाच्या बाजूने एक हात, लगेच स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या, बाजूने एक हात, आणि कापडाची बाजू खाली ठेवून फ्रेम आडवी सुकवा. थर खालच्या बाजूला सरकून तिथे जाड झाला पाहिजे, अक्षराची कड त्या थरामुळे धारदार येते. सुकवण्याची जागा अंधारी, दिवा पिवळा, आणि पंखा चालू.

एक्स्पोजिंगला, म्हणजे थराला प्रकाश दाखवायला, ५० वॅटचा यूव्ही एलईडी फ्लड, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा, ४०-४५ सेंटीमीटर उंचीवर टांगा. वेळ कुणाला विचारू नका. प्रत्येकाचा दिवा, जाळी आणि थर वेगळा. थर लावलेल्या एका जुन्या फ्रेमवर फिल्म, म्हणजे डिझाइन काळ्यात छापलेला पारदर्शक कागद, ठेवा, वर काच, त्यावर काळा पुठ्ठा. पुठ्ठा दर ३० सेकंदांनी एक पट्टी मागे सरकवत आठ पट्ट्या करा. धुतल्यावर ज्या पट्टीत बारीक रेघ पूर्ण उघडते आणि आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागत नाही, ती तुमची वेळ. ती भिंतीवर लिहून ठेवा. इमल्शनची कंपनी, जाळी किंवा दिवा बदलला की परत चाचणी.

अक्षरवेडी

जाळीदार यांनी सांगितलेले दोन आकडे, अर्धा मिलिमीटर रेघ आणि पाऊण मिलिमीटर मोकळीक, देवनागरीत सगळ्यात आधी कुठे अडतात ते सांगते. ष, क्ष, ज्ञ, ष्ट्र, द्ध, ह्म. "महाराष्ट्र" हा शब्द छातीवर २५ सेंटीमीटर रुंद घेतला तर सगळं ठीक. तोच खिशावर ७ सेंटीमीटरमध्ये घेतला की ष्ट्र बुजून काळा ठिपका होतो. खिशासाठी वेगळं, हलक्या वजनाचं अक्षर घ्या. मोठंच डिझाइन लहान करून वापरू नका.

मात्रा तुटण्याचं कारण बहुतेक वेळा छपाईत नसतं, फाइलमध्ये असतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. युनिकोड मजकूर फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये टाकला आणि कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) दक्षिण आशियाई लिप्यांचा निवडला नाही, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. इंकस्केप मोफत आहे आणि देवनागरी नीट जोडतं, तेच वापरा. मजकूर पक्का झाला की "ऑब्जेक्ट टू पाथ", मग "अनग्रुप", मग "युनियन". युनियन विसरू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन न करता बाह्यरेषा दिली की शिरोरेघेत जागोजागी उभे काप दिसतात. रस्त्यावरच्या निम्म्या मराठी टी-शर्टवर हे काप आहेत.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेघ तुटते. अंतर हवंच असेल तर शिरोरेघ नसलेलं अक्षर मुद्दाम काढा. उभा शब्द रचायचा तर अक्षरागणिक तोडा : म, हा, रा, ष्ट्र. काना-मात्रा सुट्या करून खालच्या ओळीत टाकलेल्या पाहिल्या की फार वाईट वाटतं.

आणि र चं प्रकरण. "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "किनाऱ्याला" यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा येतो. तो ऱ (नुक्त्याचा), हलन्त आणि य असा टाइप होतो. साधा र घेतला तर "सूर्य"मधला रफार येतो आणि शब्दच चुकतो. काही फॉन्टमध्ये हा आकारच नाही, म्हणून फॉन्ट निवडताना "दुसऱ्या" टाइप करून बघा. ल आणि श सुद्धा तपासा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला प्रमाण केली, त्यात मराठी वळणाचे ल आणि श दिले आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळण येतं आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की मगच मराठी वळण उमटतं.

"एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, विकायच्या कपड्यावर चालतात. मोदक फार भरीव आहे. अक्षराच्या पोटातली जागा चिरेएवढी राहते, तेव्हा तो १० सेंटीमीटरहून कमी उंचीत घेऊ नका. पण मनापासून सांगायचं तर गटातल्या एक-दोघांना बोरूने किंवा चपट्या ब्रशने लिहायला बसवा. हाताने लिहिलेलं अक्षर स्कॅन करून छापलं की ते दुसऱ्या कुणाकडे नसतं.

गल्लीबोळ

फार उपयोगी. फिल्म कशावर काढायची? झेरॉक्सवाल्याकडे ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट मिळतं.

जाळीदार

चालतं, पण लेझरचा काळा पुरेसा काळा नसतो. कागद दिव्यासमोर धरा, काळ्यातून प्रकाश जाणवला तर त्या जागी इमल्शन अर्धवट कडक होतं आणि धुताना अक्षर उघडत नाही. एकाच डिझाइनच्या दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा. ट्रेसिंग पेपर उष्णतेने आकसतो, म्हणून दोन्ही प्रती एकाच यंत्रावर, एकापाठोपाठ काढा. एका रंगाला हे पुरतं. दोन रंग असतील तर इंकजेट फिल्मच घ्या, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन रंगांची एकमेकांवरची जागा, जुळणार नाही.

पक्का_रंग

छाप तडकतो त्याबद्दल. दहातल्या नऊ वेळा कारण एकच, क्युअरिंग, म्हणजे शाई तापवून पक्की करणं, अपुरं.

प्लास्टिसॉल शाई हवेत सुकतच नाही. तिच्यातले पीव्हीसी प्लास्टिकचे कण आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर एकजीव व्हायला शाईच्या संपूर्ण थराचं तापमान १६० अंशांच्या आसपास जावं लागतं. वरचा पापुद्रा तापला आणि तळ १३० वर राहिला, तर हाताला सुकी लागते, दिसते छान, आणि तिसऱ्या धुण्यात तडे. यंत्राच्या पडद्यावर १६० दिसतं ते तव्याचं तापमान, शाईचं नव्हे.

हीट प्रेसवर क्रम असा ठेवा : तवा कपड्यापासून ३-४ मिलिमीटर वर, न टेकवता, १५-२० सेकंद. शाई बोटाला चिकटेनाशी झाली की जेल झाली. मग टेफ्लॉन शीट ठेवून हलक्या दाबाने १६०-१६५ अंशांवर ३०-४० सेकंद. जोरात दाबलंत तर शाई कापडात घुसते आणि पांढरा रंग राखाडी दिसतो. गार झाल्यावर छाप दीडपट ताणून बघा. तडा दिसला तर तापमान वाढवण्याआधी वेळ वाढवा. प्रत्येक नव्या शाईचा एक नग उलटा करून पाच वेळा धुवा, मगच विक्री.

पाण्यावरच्या शाईचं गणित वेगळं. पेस्टमध्ये पिगमेंट साधारण ५ ते ८ टक्के. जास्त घातलं तर रंग गडद होत नाही, रंग धरून ठेवणारा बाइंडर कमी पडून घासल्यावर सुटतो. आधी पाणी उडालं पाहिजे, मग १५० अंशांना ३ मिनिटं तरी. फिक्सर घातला असेल तर उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरू नका, ती डब्यातच घट्ट होते.

आता सगळ्यात महाग चूक. मंडळं ड्राय-फिट मागतात, म्हणजे पॉलिस्टर. लाल किंवा भगव्या पॉलिस्टरवर पांढरा छापून १६० ला तापवला की कापडातला डिस्पर्स रंग वाफ होऊन शाईत चढतो. छापताना पांढरं, दोन दिवसांनी गुलाबी. पूर्ण ऑर्डर परत येते. पॉलिस्टरला लो-ब्लीड (कापडाचा रंग वर न येऊ देणारी), कमी तापमानाची शाईच हवी, आणि नमुना छापून तीन दिवस गठ्ठ्यात दाबून ठेवल्यावरच होकार द्या. सुरुवातीच्या सहा महिन्यांत पॉलिस्टरची ऑर्डर घेऊच नका.

रेघोटी

पक्का_रंग, थोडा मतभेद. १० बाय १२ च्या एका खिडकीच्या खोलीत प्लास्टिसॉल का सुचवायचं? फ्रेम पुसायला थिनर किंवा रॉकेल लागतं, वास खोलीभर राहतो. पाण्यावरच्या शाईला नुसतं पाणी पुरतं.

पक्का_रंग

तुमची काळजी रास्त आहे. पण काळ्यावर पांढरं हा त्यांचा नव्वद टक्के माल. पाण्यावरच्या शाईत त्यासाठी टिटॅनियम डायऑक्साइडची दाट पांढरी पेस्ट लागते, बाजारात तिला खादी पेस्ट म्हणतात. ती ४३ टीमध्ये एप्रिलच्या उन्हाळ्यात पाच-सात नगांत सुकते आणि जाळी कायमची बंद होते. नवशिक्या हातांना ते झेपणार नाही. प्लास्टिसॉल रात्रभर जाळीत राहिली तरी चालते, त्यामुळे रोज फ्रेम धुवायलाच लागत नाही. दोन तास पाणी येणाऱ्या जागी हा फायदा मोठा आहे. शाई आधी पुठ्ठ्याच्या पट्टीने खरवडून डब्यात परत घ्या, मग खाद्यतेल लावलेल्या चिंधीने पुसा, शेवटी थोडा साबण. थिनर लागत नाही. शाई घेताना, थॅलेट हे घातक रसायन नको म्हणून, "थॅलेट-मुक्त" लिहिलेली मागा.

डिस्चार्ज पेस्ट मात्र त्या खोलीत आणू नका. कापडाचा रंग उडवून छापणारी ती पद्धत दिसते सुंदर, पण तापवताना फॉर्मल्डिहाइड आणि गंधकाचा वायू सुटतो. त्याला ओढून घेणारा मोठा पंखा आणि धुराडं हवं.

फिक्या रंगाच्या टी-शर्टला पाण्यावरची शाई वापरायला तुमच्याशी पूर्ण सहमत. मार्च ते मे दरम्यान प्रत्येक ओढीनंतर जाळीवर शाईचा थर पसरवून ठेवायचा आणि पाण्याचा बारीक फवारा जवळ ठेवायचा.

सुईदोरा

कापडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडच्या इचलकरंजी-भिवंडीत मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं कापड होतं. टी-शर्टचं होजिअरी कापड मुख्यतः तिरुपूरचं. मागताना "१०० टक्के कॉम्ब्ड कॉटन, बायोवॉश, सिंगल जर्सी" असं स्पष्ट सांगा. बायोवॉशमध्ये एन्झाइमने वरची लव काढलेली असते, त्यामुळे छापाची कड स्वच्छ येते. लव असलेल्या कापडावर पांढऱ्या शाईतून काळे केस वर येतात. १८० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) नेहमीच्या फिटला, ओव्हरसाइजला २२० ते २४०. हलक्या कापडाचा ओव्हरसाइज अंगावर लोंबतो, खांद्यावरून उतरत नाही. या कटची सगळी शान खांद्याच्या उतारात आहे.

ठोक घेण्याआधी एक नग मोजून, धुऊन, वाळवून परत मोजा. ५ टक्क्यांहून जास्त आकसला तर तो पुरवठादार सोडा. आणि काखेपासूनची बाजूची शिवण सरळ खाली येते का बघा. धुतल्यावर ती पोटाकडे वळत असेल तर कापड पिळलेलं आहे, छापही तिरका दिसेल.

छापाची जागा : ओव्हरसाइजमध्ये छापाची वरची कड गळपट्टीखाली ८-९ सेंटीमीटर. मीडियमपासून डबल एक्सेलपर्यंत एकाच मापाचा छाप चालतो, पण मध्यरेषा प्रत्येक नगावर दुमडून काढा. डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेला छाप अंगात घातल्यावर वाकडा निघतो.

गल्लीबोळ

पहिल्या चाचणीचा निकाल. आठ पट्ट्यांपैकी एकही टिकली नाही. पाणी मारताच इमल्शन पापुद्र्यांनी निघालं, आतल्या बाजूला बुळबुळीत. थर आदल्या रात्री लावला होता.

जाळीदार

जुलै चालू आहे, उत्तर हवेत आहे. इमल्शन सुकलं नव्हतं. ओला थर कितीही प्रकाश दिला तरी कडक होत नाही. वरून हाताला सुकं लागतं, आत पाणी असतं. पुण्या-मुंबईत गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या श्रावणात येतात आणि नेमकं तेव्हाच हे होतं, दरवर्षी, प्रत्येक नव्या युनिटमध्ये.

उपाय : एक जुनं लाकडी कपाट, दारं बंद, तळाला एक छोटा पंखा आणि ४० वॅटचा बल्ब काळ्या पत्र्याच्या आडोशाने झाकलेला. आतलं तापमान ३५-४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, इमल्शन उष्णतेनेही कडक होतं आणि मग अक्षर उघडत नाही. आर्द्रता मोजायचा साधा काटा आत ठेवा, ५० टक्क्यांच्या खाली आल्यावर चार तास. एक्स्पोज झाल्यावर दोन्ही बाजूंना साधं पाणी मारून एक-दोन मिनिटं थांबा, मग हलका फवारा. नळाला बोट लावून जोरात धार मारू नका.

पापुद्रे पुन्हाही निघाले तर तीन शक्यता उरतात : थर फार जाड, डायझो जुनं, किंवा जाळीवर तेल. एका वेळी एकच गोष्ट बदला.

छापताना जाळी कापडाला टेकलेली नको, २-३ मिलिमीटर वर. स्क्वीजी पुढे सरकली की तिच्यामागची जाळी आपोआप सुटली पाहिजे. सुटत नसेल तर छापाला दुहेरी कड येते. रबर ६५-७० शोअरचं (शोअर हे कडकपणाचं माप), कोन साधारण ७५ अंश. काळ्यावर पांढऱ्याला एकाच वेळी जोर लावू नका : एक ओढ, फ्लॅश (छाप चिकटेनासा होईपर्यंत थोडा तापवणं), दुसरी ओढ. दोन्ही ओढींच्या मधे टी-शर्ट पॅलेटवरून, म्हणजे तो चढवायच्या फळीवरून, हलता कामा नये, म्हणून पॅलेटला टेबल-गम लावा.

मापटं

विजेचं आधी. ३८ बाय ३८ सेंटीमीटरचा प्रेस १४०० ते १८०० वॅटचा, म्हणजे ६ ते ८ अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो तासभर चालला तर सॉकेट तापून वितळू शकतं. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि चांगलं अर्थिंग. घरगुती मीटरवर व्यवसाय सुरू करण्यापूर्वी महावितरणच्या शाखेत वापराचा प्रकार विचारून नोंदवून घ्या, नंतरचा दंड परवडत नाही.

नगाचा हिशोब उदाहरणादाखल, आकडे तुमचे घाला. कोरा टी-शर्ट २२०. शाई ६. फिल्म-इमल्शन-धुणं मिळून एका डिझाइनला ३००, पन्नास नगांत वाटलं तर ६. वीज आणि पिशवी ८. छपाईची मजुरी २०. झाले २६०. त्यावर बिघाडाचे ५ टक्के, म्हणजे १३. पडला २७३ ला. बिघाडाची ओळ नवीन गट कधीच धरत नाहीत आणि महिन्याअखेरीला पैसे कुठे गेले ते शोधत बसतात. शाईचा आकडाही अंदाजाने धरू नका. दहा नग छापण्याआधी आणि नंतर डबा वजनकाट्यावर ठेवा, दहाने भागा.

मजुरी नफ्यातून देऊ नका, खर्चात धरा. जो त्या दिवशी उभा राहिला त्याला नगामागे ठरलेले पैसे, मग विक्री होवो न होवो. डिझाइन करणाऱ्याला विकल्या गेलेल्या प्रत्येक नगावर वेगळी रक्कम. उरलेल्याचे तीन भाग : यंत्र-दुरुस्ती, पुढच्या मालाचं भांडवल, अभ्यासिका. भांडवलाचा भाग पहिलं वर्ष सगळ्यात मोठा ठेवा, अभ्यासिकेला कमी गेलं तरी चालेल. खेळतं भांडवल आटलं की युनिट बंद पडतं आणि अभ्यासिकेला काहीच मिळत नाही. वही सगळ्यांसमोर, आठवड्याला एकदा, मोठ्याने वाचायची.

जीएसटी : फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण मंडळाने स्वतःचे टी-शर्ट आणून दिले आणि तुम्ही नुसते छापले, तर ती सेवा, तिची मर्यादा २० लाख. परराज्यात माल विकलात तर मर्यादा लागू होत नाही, नोंदणी हवीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के दर आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती आजच करा.

अक्षरवेडी

डिझाइनबद्दल एक कायद्याची गोष्ट, कारण शिवजयंती आणि भीमजयंतीच्या ऑर्डरी येणारच. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, गांधीजी, नेहरू यांचा उल्लेख आहे. व्यापारासाठी त्यांचा वापर केंद्राच्या परवानगीशिवाय करता येत नाही. बाजारात सर्रास दिसतं म्हणून ते नियमात बसतं असं नाही, वकिलाला एकदा विचाराच. अशोकस्तंभ तर वापरूच नका, त्याला २००५ चा वेगळा कायदा आहे. सिनेमातलं चित्र किंवा संवाद छापायचा तर हक्क दुसऱ्याचे असतात. त्यापेक्षा वस्तीतले शब्द घ्या : गल्लीचं नाव, खेळातल्या आरोळ्या, आजीच्या ओव्यांतल्या जुन्या ओळी. त्यांची उणीव नाही.

गल्लीबोळ

कपाट जमवलं, पाचवी पट्टी उघडली. १५० सेकंद, भिंतीवर लिहिलंय. गटातल्या दोघांना यातलंच अक्षर हातावर टॅटू म्हणून हवं आहे. तीच फाइल चालेल का?

गोंदण

नाही. कापडावर पाऊण मिलिमीटर मोकळीक पुरते, त्वचेत नाही. शाई वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरत राहते. रेघांमध्ये दीड ते दोन मिलिमीटर ठेवा, आणि जोडाक्षर असेल तर शिरोरेघेपासून पायापर्यंत किमान १५ मिलिमीटर उंची. ष्ट्र, क्ष, ज्ञ याहून लहान केले तर आठ-दहा वर्षांत नुसता निळा डाग उरतो. आपल्या जुन्या गोंदणात ठिपके आणि ठसठशीत, सुट्या खुणा असत, म्हणून आज्यांच्या हातावरचं गोंदण पन्नास वर्षांनीही ओळखू येतं. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेपासून चांगला वर घ्या, नाहीतर तो रेघेला चिकटतो आणि शब्द बदलतो. स्टेन्सिल हातावर उमटल्यावर, सुई लावण्याआधी, गटाबाहेरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

भरतीची तयारी करणारा कुणी असेल तर थांबवा. लष्करात कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच सर्वसाधारण उमेदवाराला चालतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत तर कोपराखालची आतली बाजू फक्त डाव्या हाताची, किंवा तळहाताची मागची बाजू, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान. दंडावरच्या एका शब्दाने मैदान मारलेली मुलं वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतात. रक्तदानही टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही.

सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई छोट्या नव्या टोपणात ओतलेली, आणि उरलेली फेकून दिलेली. यात्रेत किंवा फुटपाथवर एकाच सुईने दहा जणांना करणाऱ्याकडे जाऊ नका, कावीळ बी, सी आणि एचआयव्ही तिथून येऊ शकतात. छपाईची शाई त्वचेला लावायचा विचारही कुणाच्या मनात येऊ देऊ नका. नंतर दोन-तीन आठवडे पोहणं नाही, ऊन नाही, खपली ओढायची नाही.

रेघोटी

टॅटूवरून आठवलं, हीच अक्षरं अभ्यासिकेच्या भिंतीवर स्प्रेने काढणार असाल तर कापलेल्या स्टेन्सिलमध्ये व, ब, क यांची पोटं गळून पडतात. स्क्रीनमध्ये ती जाळीवर तरंगतात म्हणून हा प्रश्न येत नाही. प्रत्येक पोटाला बाहेरच्या कडेशी जोडणारे ८-१० मिलिमीटरचे दोन पूल ठेवा आणि स्प्रे वाळल्यावर ब्रशने भरून टाका. भिंत पावसाळ्यानंतर कोरडी होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, थांबा. ओल असलेल्या भिंतीवर रंगाला फुगे येतात.

गल्लीबोळ

शेवटचा प्रश्न. फ्रेम रिकामी करताना इमल्शन रिमूव्हर मारल्यावर जे गढूळ पाणी येतं, ते मोरीत सोडायचं का? वस्तीतला नाला उघडा आहे.

जाळीदार

थेट सोडू नका. २० लिटरची बादली घ्या, तोंडाला जुनं सुती कापड दुहेरी बांधा. धुण्याचं पाणी त्यातून गाळा. कापडावर इमल्शनचा लगदा राहतो, तो उन्हात वाळवून सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत द्या. शाईच्या चिंध्याही त्यातच. गाळलेलं पाणी रात्रभर स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी पुढची फ्रेम रिकामी करताना पहिल्या धुण्याला वापरा. तुमच्याकडे दोन तासच पाणी आहे, त्यामुळे हे असंही करावं लागेल. रिमूव्हर हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा, १८ वर्षांखालचं कुणी त्या मोरीपाशी नको. आणि रिमूव्हर फ्रेमवर सुकू देऊ नका. तो सुकला तर इमल्शन कायमचं जाळीत बसतं आणि जाळी फाडून नवी ताणायला लागते.